शब्दांची मात्रा : वैद्याने किती लिहावे?

वैद्यकव्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाच्या हातून दररोज काही ना काही लेखन घडत असते. चिठ्ठीवरील सूचना, पथ्यापथ्याचे पत्रक, औषधाच्या बाटलीवरील लेबल, फार्मसीचे माहितीपत्रक, वृत्तपत्रातील आरोग्यविषयक सदर, परिषदेस पाठवावयाचा शोधनिबंधाचा सारांश आणि या त्रैमासिकासाठी येणारे लेख, हे सर्व लेखनच होय. औषध किती ग्रॅम, किती मिलिलिटर, दिवसातून किती वेळा, याविषयी आपण अत्यंत दक्ष असतो. परंतु त्याच औषधाविषयी लिहिताना किती शब्द वापरावेत, हा प्रश्न स्वतःस विचारणारा वैद्य विरळा. शब्द मोजणे हे पत्रकारांचे किंवा छापखान्याचे काम आहे, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही ती कित्येक वर्षे होती. ती कशी दूर झाली, आणि आपल्या संहिताकारांनी या विषयाचा किती बारकाईने विचार करून ठेवला आहे, हे व्यवसायबंधूंसमोर मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दोन चुका

प्रथम स्वतःच्या चुका सांगणे इष्ट. माझ्या चिकित्सालयात संधिवाताच्या रुग्णांना देण्यासाठी मी एक पत्रक तयार केले होते. आमवात व संधिगत वात यांतील भेद, वातप्रकोपाची कारणे, ऋतुचर्या, आहारातील पथ्य, अपथ्य, अभ्यंगाची पद्धत, स्वेदनाचे नियम, व्यायाम, मनःस्वास्थ्य असा सर्व मजकूर त्यात होता. दोन पाने पूर्ण भरली होती. पत्रकाचा मला अभिमान होता आणि सहकारी वैद्यांनीही त्याची प्रशंसा केली होती.

साठीच्या घरातील एक शेतकरी महिला गुडघेदुखीसाठी माझ्याकडे येत असत. त्यांना मधुमेह होता व त्याच्या गोळ्या पूर्वीपासून चालू होत्या. तीन आठवड्यांनी त्या आल्या त्या सुनेच्या आधाराने. तोंडास कोरड, अतितृष्णा, वारंवार मूत्रप्रवृत्ती, प्रचंड थकवा. रक्तशर्करा चारशेच्या पुढे गेलेली. त्यांना तातडीने रुग्णालयात दाखल करावे लागले. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी परतल्या, हे माझे भाग्य. चौकशी करता कळले, की आता आयुर्वेदिक औषध सुरू झाले म्हणून त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या परस्पर थांबविल्या होत्या.

"पत्रकात स्पष्ट लिहिले होते ना, की चालू गोळ्या बंद करायच्या नाहीत?" मी काहीशा त्राग्याने विचारले. सून म्हणाली, "डॉक्टर, पहिलं पान दोनदा वाचून दाखवलं आत्यांना. त्यात समदं खाण्यापिण्याचंच हुतं. दुसऱ्या पानाला हात लागलाच नाही बघा."

त्या रात्री मी ते पत्रक समोर घेऊन पेन्सिलीने शब्द मोजले. एकूण ८७० शब्द भरले. ज्या एका वाक्यावर रुग्णाचे प्राण अवलंबून होते, ते वाक्य सहाशेव्या शब्दाच्याही पलीकडे, दुसऱ्या पानाच्या मध्यावर, स्वेदनाचे नियम आणि व्यायाम यांच्या मधोमध दडलेले होते. मी लिहिले होते हे खरे. पण रुग्णापर्यंत ते पोहोचले नव्हते. दोष सुनेचा नव्हता आणि रुग्णाचाही नव्हता.

दुसरी चूक नेमकी उलट स्वरूपाची. एका रुग्णास अरिष्ट देताना मी चिठ्ठीवर घाईने लिहिले, "दोन चमचे, दोन वेळा." चार शब्द. आठ दिवसांनी रुग्ण उरोदाह व आम्लोद्गार यांची तक्रार घेऊन आला. चमचा कोणता, असे विचारले असता त्याने दुसऱ्या दिवशी घरातील आमटी वाढण्याचा डाव आणून दाखविला. मी मोजून पाहिले, तर त्यात ३५ मिलिलिटर द्रव मावत होता. म्हणजे एका वेळेस ७० मिलिलिटर, तेही पाणी न मिसळता आणि उपाशीपोटी! "१५ मिलि अरिष्ट, तेवढेच कोमट पाणी, जेवणानंतर, दोन वेळा" असे लिहिण्यास आणखी थोडे शब्द लागले असते. ते वाचविल्याने रुग्णास आठ दिवस त्रास झाला.

एका ठिकाणी शब्द अधिक झाले, दुसऱ्या ठिकाणी न्यून. दोन्ही ठिकाणी औषधयोजना योग्य होती. चुकली ती शब्दांची मात्रा.

न्यून आणि अधिक : चरकोक्त वाक्यदोष

'न्यून' आणि 'अधिक' हे शब्द मी सहज वापरलेले नाहीत. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात वादमार्गाचे विवेचन आहे. तेथे वाक्याचे पाच दोष सांगितले आहेत : न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन यांपैकी एखादे अंग सुटले तर ते वाक्य न्यून. आयुर्वेदाची चर्चा चालू असता बृहस्पती किंवा उशना यांच्या शास्त्रातील असंबद्ध गोष्टी आणल्या तर ते अधिक. संबद्ध असलेली गोष्टही दोनदा सांगितली तर पुनरुक्तीमुळे तेही अधिकच. पुनरुक्तीचे पुन्हा दोन प्रकार केले आहेत. तोच शब्द पुन्हा वापरणे ही शब्दपुनरुक्ती, आणि एकाच अर्थाचे निरनिराळे पर्यायी शब्द ओळीने मांडणे ही अर्थपुनरुक्ती.

या व्याख्यांमध्ये शब्दसंख्येचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दहा शब्दांचे वाक्य अधिक असू शकते आणि हजार शब्दांचा लेख न्यून असू शकतो. आवश्यक अंग सुटले की न्यून, अनावश्यक अंग शिरले की अधिक. माझी चार शब्दांची चिठ्ठी न्यून होती, कारण साधन, अनुपान व काल ही तीन अंगे तीत नव्हती. माझे पत्रक अधिक होते, कारण आमवात व संधिगत वात यांतील भेद जाणून त्या माउलीला काहीच करावयाचे नव्हते. ते वैद्यास हवे होते, तिला नव्हे.

निर्दोष वाक्याची लक्षणे सांगताना चरकाचार्यांनी आणखी एक अट घातली आहे : वाक्यातील पदांचा अर्थ ऐकणाऱ्यास उमजला पाहिजे. म्हणजे मोजमाप वक्त्याच्या विद्वत्तेचे नसून श्रोत्याच्या आकलनाचे आहे. त्याच अध्यायाच्या आरंभी, अभ्यासासाठी शास्त्र कसे निवडावे हे सांगताना, ते मंद, मध्यम व तीव्र अशा तिन्ही प्रकारच्या बुद्धीच्या शिष्यांना हितकर आणि पुनरुक्तिदोषरहित असावे, असा निकष दिला आहे.

सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात तर प्रत्यक्ष लांबीचाच प्रश्न आचार्यांपुढे उभा राहिला आहे. ५० महाकषाय, प्रत्येकात दहा द्रव्ये, असे ५०० कषाय सांगून झाल्यावर ते स्पष्टीकरण देतात, की विस्ताराला अंत नाही, आणि अतिसंक्षेप केला तर अल्पबुद्धी मनुष्यास त्याचा उपयोग होत नाही. म्हणून फार थोडक्यात नाही व फार विस्ताराने नाही, असा हा उपदेश केला आहे. अल्पबुद्धीचे काम व्यवहारापुरते भागावे, आणि बुद्धिमानास न सांगितलेल्याचेही अनुमान करता यावे, एवढे ते प्रमाण. लांबी ठरविण्याचे याहून चांगले सूत्र मला कोठे आढळले नाही.

प्राचीनांची मोजणी

आपले पूर्वाचार्य केवळ तत्त्व सांगून थांबले नाहीत. ते प्रत्यक्ष मोजतही असत. शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या आरंभीच ग्रंथाचे माप नोंदवून ठेवले आहे : अध्याय ३२, श्लोक २६००. पूर्वखंडात सात, मध्यमखंडात बारा आणि उत्तरखंडात तेरा अध्याय, ही बेरीज आजही बरोबर जुळते. वाचकाच्या हाती ग्रंथ देतानाच त्यास किती वाचावे लागणार आहे हे सांगणारा हा लेखक. नाडीपरीक्षा, मान-परिभाषा, कल्पना, योग आणि पंचकर्म असा व्यवहारोपयोगी विषय एवढ्या मर्यादेत बसविल्यामुळेच फार्मसीच्या टेबलावर ही संहिता शतकानुशतके राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

सुश्रुतसंहितेच्या पहिल्या अध्यायात आयुर्वेदाच्या उत्पत्तीची कथा आहे. ब्रह्मदेवाने प्रथम एक लक्ष श्लोक आणि एक सहस्र अध्याय रचले. पुढे मनुष्यांचे आयुष्य अल्प व मेधा अल्प आहे हे पाहून त्याचे आठ अंगांत विभाजन केले, असे तेथे म्हटले आहे. या कथेकडे संपादनकलेच्या दृष्टीने पाहावे. वाचकाकडे वेळ किती, त्याची ग्रहणशक्ती किती, हे पाहून ग्रंथाची मांडणी बदलली, असा तिचा आशय आहे.

चरकसंहिता आठ स्थानांत १२० अध्यायांची, आणि अष्टांगहृदयही १२० अध्यायांचेच. परंतु अध्यायसंख्या समान असूनही विस्तार अगदी भिन्न आहे. वाग्भटाचार्यांनी पूर्वीच्या विखुरलेल्या तंत्रांतून सार काढून अतिसंक्षेप व अतिविस्तार टाळल्याचे आरंभीच सांगितले आहे. एकच शास्त्र, एकाच अध्यायसंख्येत, दोन निरनिराळ्या वाचकांसाठी दोन निरनिराळ्या मापांनी लिहिले गेले.

दृढबलाचे स्मरण तर प्रत्येक संपादकाने करावे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतरा अध्याय, आणि कल्पस्थान व सिद्धिस्थान यांचे प्रत्येकी बारा, असे ४१ अध्याय त्याने पूर्ण केले. संस्कर्त्याचे कर्तव्य सांगताना तो म्हणतो, की जे अत्यल्प सांगितले आहे त्याचा विस्तार करावा, जे अतिविस्तृत आहे त्याचा संक्षेप करावा आणि जुने तंत्र पुन्हा नवे करावे. संपादन म्हणजे केवळ काटछाट, असा जो समज आहे, त्याचे हे उत्तर होय. विस्तारही तितकाच आवश्यक असतो, योग्य जागी.

शब्द मोजावेत की अक्षरे?

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. आज परिषदा व नियतकालिके शब्दमर्यादा घालतात. सारांश २५० शब्दांचा असावा, असे सांगितले जाते. ही पद्धत मुख्यतः इंग्रजी लेखनाच्या सवयीतून आली आहे. मराठीस ती जशीच्या तशी लावता येत नाही. 'जेवणानंतर कोमट पाण्याबरोबर घ्यावे' हे मराठीत चार शब्द झाले. हीच सूचना इंग्रजीत सात-आठ शब्दांची होते, कारण तेथे आपले विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये स्वतंत्र शब्द म्हणून उभी राहतात. म्हणून इंग्रजीतील २५० शब्दांचा मजकूर मराठीत त्याहून कमी शब्दांत बसतो, आणि मराठीतील २५० शब्दांचा सारांश इंग्रजीत नेला की मर्यादा ओलांडतो. ज्यांना दोन्ही भाषांत सारांश पाठवावा लागतो त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संस्कृत समासांमुळे गोंधळ आणखी वाढतो. 'दशमूलक्वाथसिद्ध' हा एक शब्द मानावा की तीन? संगणक दोन मोकळ्या जागांमधील मजकूर एक शब्द मानतो. त्यामुळे समास जोडून लिहिले की संख्या घटते. मात्र त्यामुळे वाचकाचे श्रम घटत नाहीत, उलट वाढतात. शब्दमर्यादेत बसण्यासाठी समासांची साखळी करणारे लेख आमच्या संपादक मंडळाकडे येतात. मोजणीत ते उत्तीर्ण होतात, वाचनात अनुत्तीर्ण.

आपल्याकडे पूर्वी शब्द न मोजता अक्षरे मोजीत. अनुष्टुभ् छंदाच्या एका श्लोकात आठ अक्षरांचे चार चरण, म्हणजे ३२ अक्षरे. या ३२ अक्षरांच्या एककास 'ग्रंथ' म्हणत. मजकूर गद्य असो वा पद्य, त्याची लांबी या एककात मोजली जाई. हस्तलिखितांच्या शेवटी ग्रंथसंख्या किंवा ग्रंथाग्र म्हणून जो आकडा आढळतो तो हाच. नक्कल करणाऱ्या लेखकाचे वेतन त्यावरून ठरे, आणि नक्कल करताना काही गळाले अथवा घुसले आहे काय, हेही त्यावरून पडताळता येई. या हिशेबाने शार्ङ्गधरसंहितेचे २६०० श्लोक म्हणजे सुमारे ८३ हजार अक्षरे होतात. समास कितीही लांब असो, अक्षरगणनेत लबाडी चालत नाही.

संगणकावरील अक्षरगणनेचा अर्थ मात्र वेगळा आहे. युनिकोड पद्धतीत 'क्ष' हे एक अक्षर तीन चिन्हे म्हणून मोजले जाते, आणि 'स्त्री' हे एक अक्षर सहा चिन्हे म्हणून. भ्रमणध्वनीवरील लघुसंदेश रोमन लिपीत असेल तर एका संदेशात १६० चिन्हे मावतात. देवनागरीत केवळ ७०. रुग्णांना पुनर्तपासणीची आठवण पाठविणाऱ्या व्यवसायबंधूंना एका संदेशाऐवजी तीन संदेशांचे शुल्क का पडते, याचे कारण यात आहे. म्हणून अर्जात किंवा सूचनेत मर्यादा दिलेली असेल तर ती शब्दांची आहे की चिन्हांची, हे प्रथम पाहावे.

माझ्यापुरते एक साधे माप मी ठरविले आहे. रुग्णासाठी लिहिलेला मजकूर घड्याळ लावून सावकाश मोठ्याने वाचावा. तो दीड मिनिटात संपला पाहिजे. रुग्णाच्या घरी तो बहुधा कोणीतरी दुसरेच वाचून दाखविणार असते, आणि ऐकणाऱ्याचे लक्ष तेवढाच वेळ टिकते, असा माझा अनुभव आहे.

आहारमात्रेचा न्याय

लेखनाची लांबी ठरविताना सूत्रस्थानातील मात्राशितीय अध्यायाचा न्याय लावून पाहावा. आहाराची मात्रा अग्निबलावर अवलंबून असते. पदार्थ किती उपलब्ध आहे यावर नव्हे. तद्वत लेखाची लांबी वाचकाच्या ग्रहणशक्तीवर ठरावी, लेखकाजवळ माहिती किती आहे यावर नव्हे. गुरु द्रव्ये तृप्तीच्या अर्ध्या किंवा तृतीयांश प्रमाणात सेवन करावीत, आणि लघु द्रव्येही अति मात्रेत घेऊ नयेत, असे तेथे सांगितले आहे. ज्या लेखात आकडे, कोष्टके व नवीन संज्ञा अधिक आहेत, तो गुरु. तो लहान असावा अथवा दोन अंकांत विभागून द्यावा. अनुभवकथन लघु असते, ते थोडे लांबले तरी पचते. म्हणून ते अमर्याद असावे असे नव्हे.

वाग्भटाचार्यांनी कुक्षीचे चार भाग कल्पून दोन अन्नासाठी, एक द्रवासाठी व एक वायूसाठी मोकळा ठेवण्यास सांगितले आहे. रुग्णपत्रकाचा कागदही असाच काही भाग मोकळा ठेवावा. काठोकाठ भरलेल्या कागदावरील महत्त्वाची ओळ डोळ्यांस सापडत नाही, हे मी किंमत मोजून शिकलो आहे.

लेखनप्रकारानुसार प्रमाण

खालील प्रमाणे माझ्या अनुभवातून व संपादक मंडळाच्या कामातून ठरली आहेत. ती नियम नव्हेत. चिकित्सेतील सामान्य मात्रेप्रमाणे ती धरावीत आणि व्यक्तिपरत्वे बदलावीत.

१) चिठ्ठीवरील औषधसूचना : प्रत्येक औषधामागे औषध, मात्रा (मिलि किंवा ग्रॅममध्ये), अनुपान, काल व अवधी ही पाच अंगे. दहा ते पंधरा शब्द पुरतात. यात काटकसर करू नये.

२) रुग्णपत्रक : १२० ते १५० शब्द, एकच पान, एकच बाजू. पहिल्या तीन ओळींत 'काय करू नये' आणि 'केव्हा लगेच यावे' हे आले पाहिजे.

३) वृत्तपत्रातील लेख : ५०० ते ६०० शब्द, विषय एकच. एका लेखात मधुमेह, स्थौल्य व हृद्रोग तिन्ही बसविण्याचा मोह टाळावा.

४) रुग्णवृत्त : १२०० ते १५०० शब्द. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'केअर' मार्गदर्शक सूचनांत रुग्णवृत्तासाठी १३ मुद्दे दिले आहेत. रुग्णाची माहिती, परीक्षण, घटनांचा कालानुक्रम, निदान, चिकित्सा, पाठपुरावा, रुग्णाचा स्वतःचा अनुभव व संमती हे त्यांपैकी काही. आपल्याकडील रुग्णवृत्तांत प्रास्ताविक पाचशे शब्दांचे आणि पाठपुरावा 'रुग्णास उत्तम उपशय मिळाला' एवढ्या चार शब्दांचा असतो. हे प्रमाण उलटे हवे.

५) या त्रैमासिकातील विस्तृत लेख : २००० ते २५०० शब्द. त्याहून मोठा विषय असल्यास दोन भाग करावेत.

फार्मसीधारकांसाठी

लेबलाच्या बाबतीत लांबी संपूर्णतः आपल्या हाती नसते. औषधे नियम, १९४५ यांतील नियम १६१ नुसार घटकद्रव्यांची खरी यादी, औषधाचे नाव, निव्वळ वजन किंवा माप, उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि 'आयुर्वेदिक औषध' हे शब्द आवश्यक आहेत. बाह्योपचारार्थ असेल तर तसा स्पष्ट उल्लेख हवा. वत्सनाभ, भल्लातक, कुचला, धत्तूर यांसारखी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये पोटात घेण्याच्या औषधात असतील तर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत छापावी लागते. घटकांची यादी मोठी असल्यास ती स्वतंत्र कागदावर छापून वेष्टनात ठेवता येते व लेबलावर तसा निर्देश करता येतो. दशमूलारिष्टासारख्या बहुघटकी कल्पांसाठी ही सोय उपयुक्त आहे.

म्हणजे लेबलावर जागा कमी पडली तर कापावयाचे काय? अनेकदा मी पाहतो, की 'अद्भुत', 'रामबाण', 'शेकडो वर्षांची परंपरा' हे शब्द ठळक टाइपात असतात, आणि मात्रा व सूचना भिंग घेऊन शोधाव्या लागतात. ग्राहकाच्या दृष्टीने क्रम याच्या नेमका उलट हवा. प्रशंसेचे शब्द कमी केल्याने आणखी एक लाभ होतो. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या कचाट्यात सापडण्याचा धोका असलेले शब्द बहुधा याच प्रशंसेत लपलेले असतात. लेबलावरील मात्रा 'चमच्या'त न देता मिलिलिटरमध्ये द्यावी, आणि शक्य तेथे बाटलीसोबत मापाचे झाकण द्यावे. एका झाकणाने बरेच शब्द वाचतात.

काय ठेवावे, काय काढावे

लेख लिहून झाल्यावर तो दोन दिवस बाजूला ठेवावा व नंतर हाती पेन्सिल घेऊन वाचावा. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत कापण्यासारखा भाग बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतो : आरंभी. आयुर्वेद हे शाश्वत शास्त्र आहे, आजचे जीवन धकाधकीचे आहे, हे या त्रैमासिकाच्या वाचकास सांगावे लागत नाही. तो स्वतः वैद्य आहे. विषय ज्या परिच्छेदात खरोखर सुरू होतो, तेथे खूण करावी आणि त्यापूर्वीचा मजकूर काढून पाहावा. दहापैकी आठ वेळा काही बिघडत नाही.

त्यानंतर अर्थपुनरुक्ती पाहावी. 'वेदना, शूल व दुखणे' यांपैकी एक पुरे. नंतर प्रत्येक वाक्यास विचारावे : हे काढले तर वाचक काही चुकीचे करील काय? करणार असेल तर ते वाक्य ठेवावे, किंबहुना वर न्यावे. वाचक काहीच वेगळे करणार नसेल, तर ते वाक्य आपल्या समाधानासाठी लिहिलेले आहे असे समजावे.

मात्र सर्वच पुनरुक्ती दोषास्पद नसते. चरकसंहितेत गद्यात विवेचन झाल्यावर अध्यायाच्या शेवटी तोच विषय श्लोकांत पुन्हा संकलित केलेला आढळतो. अर्थ स्पष्ट व्हावा आणि त्याचा निश्चय व्हावा म्हणून असे दोनदा सांगणे निंद्य नाही, असा निर्वाळा निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात दिला आहे. रुग्णपत्रकात प्राणरक्षक सूचना आरंभी एकदा आणि शेवटी एकदा द्यावी, ती याच आधारावर.

संक्षेपाचाही अतिरेक होतो, हे विसरू नये. एका ज्येष्ठ वैद्यांनी एकदा आमच्याकडे केवळ तीनशे शब्दांचे रुग्णवृत्त पाठविले. अनुभव अपूर्व होता. पण औषधांची मात्रा नाही, अवधी नाही, पूर्वीच्या तपासण्या नाहीत. आम्ही ते कापले तर नाहीच, उलट त्यांना पत्र लिहून आणखी नऊशे शब्द मागविले. ते काहीसे रागावले, तरी त्यांनी पाठविले. त्या अंकातील सर्वाधिक पत्रे त्याच लेखावर आली. पूर्वीच्या तीनशे शब्दांत कोणाही वैद्यास तो प्रयोग करून पाहता आला नसता.

उपसंहार

ते जुने पत्रक मी फाडले नाही; ते टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. त्याच्या जागी आज जे पत्रक देतो ते १३५ शब्दांचे आहे. त्याची पहिली ओळ अशी : 'तुमच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा इतर चालू गोळ्या आम्हांस विचारल्याशिवाय बंद करू नका.' शेवटची ओळही तीच आहे. मध्ये आहार, अभ्यंग आणि पुन्हा केव्हा यावे एवढेच. पत्रक देताना ते रुग्णाबरोबर आलेल्या व्यक्तीकडून माझ्यासमोर एकदा मोठ्याने वाचून घेतो. त्यास दीड मिनिट लागते. कोठे अडखळले, तर तो शब्द मी बदलतो. दोष वाचणाऱ्याचा समजत नाही.

त्या शेतकरी माउली अजूनही औषधासाठी येतात. गेल्या वेळी सुनेने नवे पत्रक हाती घेतले, उलटून पाहिले आणि म्हणाली, "मागं काईच न्हाई व्हय? बरं केलंत." पत्रकाची यापूर्वी झालेली कोणतीही प्रशंसा मला इतकी मोलाची वाटली नव्हती.

व्यवसायबंधूंना व फार्मसीधारकांना एवढीच विनंती, की आपल्या चिकित्सालयातील अथवा दुकानातील एक पत्रक आज घ्यावे, त्यातील शब्द मोजावेत, आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य कितव्या शब्दावर सुरू होते ते पाहावे. पुढे काय करावयाचे, हे तो आकडाच सांगेल.

इत्यलम्.